सही करण्याआधी

बारावीचे निकाल लागले की आमच्या घराची कडी दिवसातून चार वेळा वाजते. कोणाला मंडळीचे पत्र हवे असते, कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला. पाळकसाहेब बहुधा दौऱ्यावर असतात, मग लोक सेक्रेटरीकडे येतात, आणि सेक्रेटरी म्हणजे मी. फॉर्म टेबलावर ठेवून आई म्हणते, "भाऊ, प्रार्थना करा. ह्याने कुठल्या कॉलेजात जावे अशी देवाची इच्छा आहे, तेवढे कळू द्या." मी प्रार्थना करतो. परंतु अलीकडे त्या विनंतीविषयीच माझ्या मनात प्रश्न उभा राहिला आहे. तो मी शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे विशेषेकरून ठेवतो, कारण मुले अशा गोष्टी आईबापांच्या आधी त्यांनाच विचारतात.

आपण असे धरून चालतो की देवाने प्रत्येक मुलासाठी एकच कॉलेज नेमले आहे, त्याचे नाव बंद पाकिटात आहे आणि आपण फक्त ते पाकीट फोडायचे. मीही असेच मानत असे. बारावीनंतर धारवाड की कोल्हापूर असा पेच पडला, तेव्हा दोन चिठ्ठ्या लिहून मी पवित्र शास्त्रात घातल्या आणि डोळे मिटून एक काढली. धारवाड निघाले. माझे मित्र कोल्हापूरला जाणार होते. घडी नीट झाली नव्हती असे म्हणून मी पुन्हा काढली. पुन्हा धारवाड. तिसऱ्या खेपेस कोल्हापूर आले आणि मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले! आज हसू येते, पण त्या दिवशी मी अगदी मनापासून आमेन म्हटले होते.

चिठ्ठ्यांच्या बाजूने मत्थियाचा दाखला नेहमी दिला जातो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात चिठ्ठ्या टाकल्या हे खरे. मात्र त्याआधी कोण पात्र हे प्रेषितांनी विचार करून ठरवले होते, आणि दोघे उरले तेव्हाच चिठ्ठी आली. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरल्यानंतर तर मंडळीने चिठ्ठ्या टाकून निवड केल्याचे नव्या करारात पुन्हा कोठे आढळत नाही.

दानिएलाकडे पाहा. त्याला कॉलेज निवडण्याची संधीच मिळाली नाही. बाबेलच्या राजाने पकडून नेलेली ती मुले होती. तीन वर्षांचा शिक्षणक्रम, परकी भाषा, परकी विद्या, नावेसुद्धा बदललेली. ह्यांपैकी एकही गोष्ट त्याने ठरवली नाही. त्याने ठरवले ते जेवणाच्या ताटापुढे बसल्यावर. पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून तो मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतःही शिकल्या. १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडणाऱ्या रमाबाईंना त्यांचे कॉलेज चुकले असे कोण म्हणेल?

म्हणून माझे मत असे झाले आहे की कॉलेज कोणते, हा प्रश्न पुष्कळदा गुण, पैसा आणि घरापासूनचे अंतर ह्यांवर सुटतो, आणि तसा सुटण्यात पाप नाही. देवाला विचारण्याची गोष्ट निराळी आहे. त्या दारातून आत जाण्यासाठी आपण काय बोलणार आहोत, कशावर सही करणार आहोत?

हे मला एका मुलीने शिकवले. आमच्याच मंडळीतली, रविवारी लहान मुलांचा वर्ग घेणारी. तिला नीट परीक्षेत चांगले गुण मिळाले. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. जवळच्या एका खाजगी वैद्यकीय कॉलेजात जागा मिळत होती. तेथे अट कसलीच नव्हती, पण फी अशी की वडिलांना घराची जागा गहाण टाकावी लागली असती. दुसरी वाट दक्षिणेतील एका ख्रिस्ती वैद्यकीय कॉलेजाची. अशा कॉलेजांत काही जागा मंडळ्यांनी पाठवलेल्या उमेदवारांसाठी असतात. वेल्लोरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. फी फारच थोडी, पण शिक्षण झाल्यावर पाठवणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यात दोन वर्षे काम करीन असे लिहून द्यावे लागते. (नुसत्या पत्रावर प्रवेश होतो असा काहींचा अजून समज आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या कॉलेजांनाही नीट लागू असल्याचा निर्णय दिला. गुण हवेतच.)

संध्याकाळी ती फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "काका, दोन वर्षं देईन असं लिहायचं आहे. पण देईन की नाही, मला खरंच माहीत नाही. अठराव्या वर्षी चोविसाव्या वर्षाचं कसं सांगू?"

तिचे मामा बरोबर होते. ते म्हणाले, "अगं, सगळेच लिहितात. पुढचं पुढे बघू. नाहीच जमलं तर पैसे भरून मोकळं होता येतं."

मी काही बोललो नाही. कारण ते वाक्य मी पूर्वी ऐकले होते, आणि ऐकूनही सही केली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी कमिटीवर नवा होतो. एका तरुणासाठी पत्र द्यायचे होते. तो परत येणार नाही हे त्याच्या बोलण्यावरून मला कळत होते. पण घराणे जुने, वडील मंडळीचे आधारस्तंभ. मी त्या पत्रात लिहिले की उमेदवाराची सेवेची तळमळ आम्ही जाणतो. तो आज मोठ्या शहरात चांगला डॉक्टर आहे, कराराचे पैसे त्याने चुकते केले, नाताळात देणगीही पाठवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. तो येणार होता त्या वर्षी आमच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड डॉक्टर नाही म्हणून बंद झाला. रात्री टेम्पोतून आणलेल्या बायकांना फाटकावरूनच चाळीस किलोमीटर पुढे पाठवताना मी पाहिले आहे. वचन त्याने दिले आणि पैसे संस्थेला मिळाले. त्या बायकांना काय मिळाले? आणि खोटे आधी लिहिले कोणी? त्याने की मी?

आनंदीबाई जोशी ह्यांची हकिकत आपण शाळेत वाचतो, परंतु तिच्यातला एक भाग मंडळ्यांमध्ये फारसा सांगत नाहीत. त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी कोल्हापुरास असताना अमेरिकन मिशनरी वाइल्डर ह्यांच्याशी पत्रव्यवहार केला, पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. धर्मांतर करण्याची त्या दोघांची तयारी नव्हती, आणि मिशनकडून ती मदत झाली नाही. वरवर हो म्हणून बोटीत बसणे त्यांना अशक्य होते काय? पुढे १८८३ साली जाण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधील सेरामपूर येथे भाषण केले. आपल्या पाळकांच्या पदव्यांमुळे हे नाव आपल्याला परिचयाचे आहे. तेथे, इतक्या ख्रिस्ती लोकांसमोर, त्यांनी स्पष्ट सांगितले की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. जागा मिळावी म्हणून मनात नसलेले कागदावर लिहायचे नाही, हा धडा एका हिंदू मुलीकडून घ्यायला ख्रिस्ती उपदेशकाला संकोच वाटू नये.

तरीही त्या मुलीचा प्रश्न उरतोच. पुढचे ठाऊक नसताना वचन द्यावे काय? मला वाटते, द्यावे. पुढचे ठाऊक असते तर वचनाची गरजच नव्हती. लग्नाच्या वेदीपुढे उभे राहणाऱ्यांना तरी काय ठाऊक असते? पण इफ्ताहासारखे तोंडातून निघून गेलेले वचन वेगळे, आणि बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचे वेगळे. देईन की नाही हे माहीत नसणे आणि न देण्याचे आधीच ठरवून सही करणे, ह्यांत मला मोठे अंतर दिसते.

मी तिला एवढेच म्हणालो, "तो दवाखाना तू पाहिला आहेस का?" तिने पाहिला नव्हता. खरे सांगायचे तर कमिटीवरच्या अर्ध्या लोकांनीही पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. ती आईबरोबर जाऊन चार दिवस तेथे राहिली. परत आली ती थेट कमिटीच्या सभेला. म्हणाली, "मी सही करते. दोन वर्षं येईन. पण तिथल्या डॉक्टरांच्या क्वार्टर्सचं छप्पर गळतंय, पाणी एकदाच येतं, आणि नर्सबाईंना तीन महिने पगार नाही. मी लिहून देते, तसं तुम्हीही काही लिहून द्याल का?"

सभेत कोणी बोलेना. एक वडील म्हणाले की मुलीने अटी घालणे शोभत नाही. पाळकसाहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितले, आणि आम्ही ठराव लिहायला घेतला. तिच्या फॉर्मवर सही करण्याआधी मी पत्रातला 'सेवेची तळमळ' हा जुना मजकूर खोडला. त्याऐवजी लिहिले की उमेदवाराने दवाखाना प्रत्यक्ष पाहिला आहे व विचार करून वचन दिले आहे.

आता तिचे तिसरे वर्ष चालू आहे. नर्सबाईंची बाकी चुकती झाली. छपराचे काम निम्मे झाले आहे, उरलेले ह्या पावसाळ्याआधी व्हायला हवे होते, ते झालेले नाही. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, तेव्हा तिने अभ्यासाचे काही सांगण्यापूर्वी आधी तेच विचारले.