एक मत भावकीला

घारापुरी म्हटलं की आपल्याला लेणीच आठवतात. गेटवेहून लाँच पकडायची, पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्ती पाहायची आणि अंधाराच्या आत परतायचं. पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांचं हे बेट उरण तालुक्यातलं एक नांदतं गावही आहे. त्याला स्वतःची ग्रामपंचायत आहे. निवडणूक आली की मतदानयंत्रं आणि कर्मचारी पाण्यावरूनच गावात येतात.

अशा ठिकाणी मत देणं शहरापेक्षा अवघड. समजा, लेण्यांच्या पायऱ्यांवर एकाची माळांची टपरी, शेजारी दुसऱ्याचं लिंबूसरबत, आणि दोघंही एकाच वॉर्डातून उभे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे पक्षाचं नाव पुढे करून सुटकाही नाही. मत गुप्त असतं खरं. पण मोजणी झाली की कुठल्या घरातली मतं कुठे गेली, याचा अंदाज गाव तासाभरात बांधतं.

या अवघडलेपणावर आपण काढलेला उपाय म्हणजे बिनविरोध. त्याला एकोपा म्हणून हारही घालतो. पण 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं, आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. बिनविरोध निवड दरवेळी अशी बोली लावूनच होते असं नाही. पण ती दरवेळी मनोमीलनातून होते, असंही नाही. कधी कधी कुणाला ‘नाही’ म्हणायची हिंमतच झालेली नसते.

खरं तर वाट कायद्यातच आहे. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात बहुधा दोन-तीन जागा असतात आणि जागा तितकी मतं. 2022 पासून सरपंचही पुन्हा थेट निवडला जातो, म्हणजे आणखी एक मत. तेव्हा एक मत भावकीला गेलं, तरी दुसरं कामाला देता येतं. नातंही राहतं आणि पारखही होते.

आणि पारख हवीच. घारापुरीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज पोचली ती 2018 च्या फेब्रुवारीत. ते काम सरकारचं होतं. पण कुठल्या वस्तीतला दिवा आधी लावायचा आणि पर्यटकांकडून घेतलेल्या कराचे पैसे कशावर खर्च करायचे, हे ग्रामपंचायत ठरवते. असे निर्णय संकोचाने निवडलेल्या माणसावर सोडणं महागात पडतं.

गाव बेटावरचं असो की घाटावरचं, वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुढच्या सभेला जा आणि हिशेब मागा. ज्याला मत दिलंत, त्याला आधी विचारा.