दुरुस्ती वरची आणि खालची

घरापुढील आंगणात प्लास्टिकची हिरवळ अंथरण्याची रीत आता आपल्या बहुतेक शहरांत रूढ होत आहे. काही वर्षांत तिच्यावर सुरकुत्या पडतात, जोड उसवतात, मधोमध खळगा पडून पाणी साचते. आणि मग दुरुस्ती करणाऱ्यास बोलावणे जाते. विषय तसा क्षुल्लक. परंतु त्या वेळी गृहस्थापुढे उभा राहणारा प्रश्न क्षुल्लक नाही. बिघडलेल्या वस्तूचे आपण किती देणे लागतो? तिचे रूप पूर्ववत केले म्हणजे आपण मोकळे झालो, की बिघाडाच्या मुळापर्यंत जाणे हेही आपल्याकडे लागते?

प्रथम बिघाडाचे मूळ पाहू. माळव्यातील, वडोदऱ्याच्या आसपासची, बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वभागातील काळी जमीन वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. त्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आषाढात त्याच मिटून जातात. याचा अर्थ असा की ही जमीन दरवर्षी वर येते आणि खाली बसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तिचा मोठा गुण होय. ती आपली आपणच खालवर होते आणि ओल धरून ठेवून रब्बीचा हरभरा पिकविते. तोच गुण हिरवळ अंथरणाऱ्यास दोष वाटतो! खरे गवत जमिनीबरोबर हलते आणि मोडले तरी मुळांनी पुन्हा सांधले जाते. प्लास्टिकच्या पथारीला मुळे नाहीत. जमीन हलली की ती उसवते. तिला पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात, परंतु खालची चिकणमातीच पाणी घेईना, तर छिद्रांनी काय करावे?

अशा वेळी दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. वरच्या दुरुस्तीत खळग्यात वाळू भरतात, जोडावर गोंद लावतात, कडांना खिळे ठोकतात. काम एका दिवसाचे, आणि ते पुढील पावसाळ्यापर्यंत टिकते. खालच्या दुरुस्तीत पथारी गुंडाळून बाजूस ठेवावी लागते. चार-सहा इंच माती उकरून तळाला घराच्या पायापासून दूर जाणारा उतार द्यावा लागतो. पाणी जाऊ देणारे पण माती वर येऊ न देणारे जाड कापड अंथरून त्यावर खडीचे थर घालावे लागतात आणि प्रत्येक थर धुमसाने ठोकावा लागतो. नंतर पथारी पूर्ववत घालताना सर्व पाती एकाच दिशेस झुकलेली आहेत ना, हे पाहून जोडाखाली पट्टी चिकटवावी लागते. एवढे करूनही पाहुण्यास दिसते ते पूर्वीचेच आंगण. खर्च झालेला सारा पैसा मातीत गडप!

म्हणून बहुतेकांचा कल पहिल्या मार्गाकडे असतो. त्यात अधर्म आहे काय? मला तसे वाटत नाही. घरात चार दिवसांवर मंगलकार्य असेल आणि कोणी खळग्यात वाळू भरून वेळ निभावली, तर त्यास दोष देणे कठोरपणाचे होईल. मात्र तात्पुरत्या कामास तात्पुरते म्हटले पाहिजे. तेच घर विकावयास काढून, गोंद सुकण्याच्या आत ग्राहकास ‘आंगण नुकतेच दुरुस्त केले आहे’ असे सांगणारा गृहस्थ शब्दाने खोटे बोलत नाही. तरी तो फसवितो. वाळूचे काम करून खडीचे दाम घेणारा कारागीरही त्याच पंक्तीचा. जे काम झाकले जाते, त्याची साक्ष देण्यास करणाऱ्याच्या मनावाचून दुसरे कोणी नसते.

खालची दुरुस्ती केली म्हणजेही सर्व पार पडले असे नाही. आपला उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडे असेल, तर आपल्या आंगणातले पाणी त्याच्या पायात मुरेल आणि त्याची भिंत तडकेल. आपले दुखणे त्याच्या गळ्यात बांधून आपण निरोगी झालो, एवढाच त्याचा अर्थ.

येथे कोणी विचारतील, मुळात ही हिरवळच खोटी. ती दुरुस्त करण्यापेक्षा फेकून का देऊ नये? या प्रश्नाला बळ आहे. १९६५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे छत असलेले विशाल क्रीडागृह उभारले गेले. छताच्या पारदर्शक तावदानांतील प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून तावदाने रंगविली. आणि उजेडावाचून गवत मेले. १९६६ साली तेथे कृत्रिम हिरवळ आली व तिची कीर्ती झाली. जेथे गवत जगू शकत नव्हते, तेथे ती नांदली. आपल्या आंगणात तर दूर्वा आपण होऊन उगवतात, आणि उन्हात प्लास्टिक असे तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही. तेव्हा नवी पथारी घेऊ नये, हे मला मान्य आहे.

परंतु घेतलेली फेकणे ही निराळी गोष्ट. सारवलेले आंगण उखडले तर मातीची माती होते. प्लास्टिकची माती होत नाही. आपल्या घरातून गेलेली पथारी कोणाच्या तरी गावाबाहेर पडून राहते. जी वस्तू आपोआप नाहीशी होत नाही, ती घेणाऱ्यावरील भार अधिक असतो. म्हणून ती धड आहे तोवर नीट राखावी, आणि पाती झडून तिचे कण मातीत मिसळू लागले की मोह न धरता उचलावी. मग तेथे दूर्वा वाढू द्याव्यात.

तोवर निदान एवढे करता येईल. श्रावणसरींनंतर पाणी कोठे थांबते ते पाहून ठेवावे. माती चिखल नाही आणि दगडही नाही, अशा मार्गशीर्षाच्या सुमारास पथारी उचलून तळ नीट करावा. आणि उतार देण्यापूर्वी शेजाऱ्यास एकदा विचारावे.