विणण्याची विद्या कोणाची?

आज एका अशा प्रश्नाचा विचार करूं, जो दिसण्यांत लहान आहे पण मनांत बराच वेळ घोळत राहतो. एका बाईस लोकरीचे पायमोजे उत्तम विणतां येतात. शेजारची सून येऊन म्हणते, “मावशी, टाच कशी वळवितां तें मला दाखवाल का?” तें दाखविणें ही त्या बाईची मेहेरबानी, कीं तिचें कर्तव्य? आणि मोजे विकूनच जिचा निर्वाह होतो, तिनेंही दाखवावें काय?

प्रथम ही विद्या कशा जातीची आहे तें पाहूं. मोज्याची नळी विणणें कठीण नाहीं. चार सुयांवर टाके वांटून घ्यावे व पांचव्या सुईनें गोल गोल विणीत जावें, कीं नळी तयार होते. परंतु मनुष्याचा पाय कांहीं नळीसारखा सरळ नाहीं. घोट्याखालीं तो वळतो. म्हणून ६४ टाके असल्यास ३२ तसेच थांबवून ठेवावे लागतात, आणि उरलेल्या ३२ टाक्यांची एक पट्टी पुढेंमागें विणावी लागते. मग ओळीच्या मध्यापलीकडे थोडें जावयाचें, दोन टाके एकत्र विणावयाचे, आणि ओळ पुरी न करतांच परत फिरावयाचें. असें दर ओळीस थोडें थोडें पुढें सरकत गेलें म्हणजे सपाट विणींत वाटीसारखी खोली उत्पन्न होते. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलावयाचे व वाढलेले टाके घटवीत पुन्हां ६४ वर यावयाचें.

एवढें वाचून किती जणींस टाच विणतां येईल? फार थोड्यांस. पण जाणतीच्या शेजारीं बसून तिच्या बोटांकडे पाहिलें, आणि तिनें एकदां आपला हात धरून सूई फिरविली, कीं गोष्ट उमगते. तात्पर्य, ही विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. जी बाई आज “ही माझी” म्हणते, तिच्याही शेजारीं पूर्वीं कोणी तरी बसली होती.

ह्यावर कोणी म्हणेल, “हें सर्व खरें, पण पोटाचें काय? आज जिला शिकवावें, ती उद्यां बाजारांत स्वस्त मोजे घेऊन बसेल.” हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. इंग्लंडांत विल्यम ली ह्यानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र तयार केलें. हातानें विणणाऱ्या गरिबांची भाकर जाईल म्हणून एलिझाबेथ राणीनें त्यास सनद नाकारिली, अशी परंपरागत कथा आहे. पुढें यंत्रावर विणणाऱ्यांच्या संघास १६५७ सालीं सनद मिळाली, आणि १६९६ सालीं तीं यंत्रें परदेशीं नेण्यास कायद्यानें बंदी झाली. (ली तर फार पूर्वींच आपलें यंत्र घेऊन फ्रान्सांत रूआं शहरीं गेला होता!) ज्यांचें पोट त्या धंद्यावर होतें, त्यांनीं कुंपण घातलें. त्यांस सरसकट दुष्ट म्हणवत नाहीं. परंतु विद्येभोंवतीं कुंपण घातलें म्हणजे बाहेरच्याचें काय होतें, हें आपल्या वाचकांस परक्या देशाच्या इतिहासांतून शिकावयास नको. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं शाळेचा धडा उंबऱ्याबाहेर उभें राहून ऐकला.

त्याच इंग्लंडांत, त्या काळीं यॉर्कशायर प्रांतांत असलेल्या डेंट नांवाच्या खोऱ्यांत, निराळी रीत होती. तेथील पुरुष, स्त्रिया व मुलें सर्वच विणीत, आणि तेंही पोटासाठीं. व्यापारी लोकर देत व विणलेला माल घेऊन जात. तरी हिंवाळ्याच्या रात्रीं शेजारी आळीपाळीनें एकमेकांच्या घरीं जमत. एका चुलीच्या उजेडांत व उबेंत अनेक कुटुंबांचें काम होई. गाणीं व गोष्टी चालत, आणि विणीचा वेग एकाचा पाहून दुसऱ्यास येई. भाकर तीच, बाजार तोच. तरी त्यांनीं एकमेकांपासून हात झांकून ठेविले नाहींत.

मात्र डेंटचें चित्र फार गोड करूं नये. रॉबर्ट सदे ह्या कवीच्या ‘द डॉक्टर’ ह्या ग्रंथांत दोन लहान बहिणींची हकीकत आहे. विणकाम शिकण्यासाठीं त्यांस लँगडेलहून डेंटास पाठविलें होतें. तेथील कामाचा तगादा व परकें घर त्यांस सोसवेना, म्हणून त्या पोरी भर हिंवाळ्यांत पायीं घरीं पळून आल्या. शेजारीं बसविलें म्हणजे प्रेमानें शिकविलें असें होत नाहीं. शिकविणारीच्या मनांत शिकणारीविषयीं काय आहे, हें त्या अर्ध्या तासांत सुईइतकेंच बोंचतें किंवा सुखवितें.

आणि शिकणारीवर कांहींच ऋण नाहीं काय? आहे. निदान कोणाकडून शिकलों तें नांव सांगावें, आणि शिकविणारी विकावयास बसते त्याच दारीं तिच्याहून स्वस्त विकूं नये, असें आमचें मत आहे. नांवाच्या बाबतींत एलिझाबेथ झिमरमन ह्या बाईचें उदाहरण घेण्यासारखें आहे. ती १९१० सालीं इंग्लंडांत जन्मली व १९९९ सालीं अमेरिकेंत वारली. विणण्याच्या अनेक युक्त्या तिनें बसविल्या, पुस्तकांतून छापल्या, आणि विस्कॉन्सिन प्रांतांत विणणारांस एकत्र बसवून शिकविल्या. तरी त्यांस ‘शोध’ म्हणावयास ती राजी नसे. पूर्वीं कोठें तरी कोणी तरी हें केलेंच असेल, अशा अर्थाचा एक गंमतीचा शब्द तिनें घडविला होता. तिच्या युक्त्यांपैकीं एका मोज्याचा तळवा असा विणलेला असतो कीं तो झिजला म्हणजे वरचा भाग तसाच ठेवून तेवढाच तळवा नवा विणतां येतो. आणि तो नवा तळवा मूळ विणणारीनेंच विणला पाहिजे असें मुळींच नाहीं.