काळी आणि पांढरी

आमच्या पूर्वजांनीं गांवच्या जमिनीला दोन नांवें दिलीं होतीं. जिच्यावर घरें बांधावयाचीं ती पांढरी, आणि जिच्यांत पीक घ्यावयाचें ती काळी. या नांवांत केवळ मातीचा रंग सांगितलेला नाहीं. कोणती जमीन कोणत्या कामाची, याविषयींचा गांवाचा एक निर्णय त्यांत सांठविलेला आहे. काळीवर घर उठविणें म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणें होय, हें कोणास समजावून सांगावें लागत नसे. आज आमच्या शहरांच्या भोंवतीं हा निर्णय मोडला आहे. तो मोडला म्हणून शोक करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. तो पुन्हा करावयाचा झाल्यास कोणत्या न्यायानें करावा आणि त्याचा भार कोणीं सोसावा, एवढाच प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

पुण्याचें उदाहरण घेऊं. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. मुठेच्या उजव्या कालव्याचें पाणी हडपसरावरून पूर्वेकडे वाहूं लागलें, आणि त्यावर पिकलेल्या भाजीपाल्यानें पुण्याची मंडई भरूं लागली. पुढें शहर वाढत वाढत त्याच कालव्याच्या कांठीं येऊन पोंचलें. २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं २३ गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. सार्वजनिक पैशानें खणलेल्या कालव्यानें जी जमीन बागाईत केली, तिच्यापैकीं कितीतरी आज इमारतींच्या पायाखालीं गेली आहे.

यावर सोपें उत्तर असें कीं, सरकारनें नकाशावर एक रेघ ओढावी आणि तिच्या बाहेर घर बांधूं देऊं नये. शहरांतील सुशिक्षितास हें उत्तर लागलीच पटतें. परंतु तें पटण्याचें एक कारण, त्याची किंमत त्याला स्वतःला द्यावी लागत नाहीं हेंहि असावें, असा आम्हांस संशय आहे. रेघेबाहेरचा शेतकरी विचारतो, “व्यापारी आपली पेढी विकतो, कारखानदार आपली गिरणी विकतो, त्यांस कोणी अडवीत नाहीं. तुमचा बंगला माझ्या भाऊबंदाच्या शेतावरच उभा आहे. आतां तुम्हांस गच्चीवरून हिरवळ दिसावी म्हणून मीच काय तो जन्मभर तोट्याची शेती करावी? मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण आणि सोसायटीचें कर्ज हीं तुमच्या रेघेनें भागणार आहेत काय?” या प्रश्नाला ‘लोकहित’ या एका शब्दानें उत्तर देणें हा उद्धटपणा आहे.

तरीहि आम्ही रेघेच्याच बाजूचे आहोंत, आणि त्याचीं कारणें दोन आहेत. पहिलें कारण मातीचें. पेढी किंवा गिरणी माणसानें उभारलेली असते. ती मोडली तर पुन्हा उभारतां येते. सुपीक माती कोणा मालकानें निर्माण केलेली नाहीं. ती होण्यास शतकेंच्या शतकें लागतात, आणि एकदां तिच्यांत पाया खणून सिमेंट ओतलें म्हणजे पुढच्या कितीहि पिढ्यांनीं इच्छिलें तरी ती पूर्वस्थितीला येत नाहीं. कुणब्याच्या घरीं कितीहि टंचाई असली तरी बियाण्याची कणगी फोडीत नाहींत. कारण तें धान्य त्याचें असलें तरी पुढच्या सालाचेंहि असतें. शहराजवळची काळी ही अशीच बियाण्याची कणगी आहे.

दुसरें कारण किंमतीचें. काल हजारांत विकली जाणारी जमीन आज लाखांत जाते, ती मालकानें खत अधिक घातलें म्हणून नव्हे. शेजारीं शहर आलें, रस्ता झाला, नळ आला, म्हणून ती वाढली. ही वाढ जर समाजाच्या श्रमांतून झाली, तर तिच्यावर मालकाचा अनिर्बंध हक्क कसा मानावा? इंग्लंडांत १९४७ च्या नगररचना कायद्यानें हेंच तत्त्व स्वीकारलें. जमीन मालकाची, परंतु तिचा उपयोग बदलण्याचा हक्क समाजाचा, असें ठरलें. गेलेल्या हक्काबद्दल मालकांसाठीं ३० कोटि पौंडांचा निधि योजण्यांत आला, आणि परवानगीमुळें वाढणारी सर्व किंमत कराच्या रूपानें घेण्याचें ठरलें. तो कर १९५३ सालीं रद्द करावा लागला. कारण सगळाच लाभ सरकारचा असेल तर जमीन विकावी कशाला, असें मालकांस वाटूं लागलें. परवानगीचें बंधन मात्र आजहि कायम आहे. तत्त्व टिकलें, माणसाच्या स्वभावाकडे पाठ फिरवून केलेला हिशेब टिकला नाहीं.

अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्याचा अनुभव याहून बोलका आहे. तेथें १९७३ च्या कायद्यानें प्रत्येक नगराभोंवतीं वाढीची मर्यादा आंखण्याचें धोरण आलें. २००४ सालीं मतदारांनीं कौल दिला कीं, जमीन घेतल्यानंतर लादलेल्या निर्बंधानें तिची किंमत घटल्यास सरकारनें भरपाई द्यावी, नाहींतर निर्बंध सोडावा. तेव्हां निर्बंध सुटूं लागले आणि शेतांत वसाहती करण्याचे अर्ज येऊं लागले. २००७ सालीं त्याच मतदारांनीं आपल्या कौलाला पुष्कळसा आवर घातला. यांत लोकांचा चंचलपणा पाहणें सोपें आहे. आम्हांस मात्र त्यांत दोन खऱ्या भावना दिसतात: एकट्यादुकट्यावर सर्वांचा भार लादूं नये, आणि शेतें गिळूं देऊं नयेत.

आमच्या राज्यांत काळीच्या रक्षणाचे कायदे कागदोपत्रीं कमी नाहींत. १९४८ च्या कूळकायद्यानें शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर बंधन घातलें. १९६६ च्या नगररचना कायद्याखालच्या आराखड्यांत हिरवे पट्टे रंगविले गेले. तरी त्या हिरव्या रंगावरच गुंठ्यागुंठ्यानें तुकडे विकले गेले, त्यांवर घरें उठलीं, आणि २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा करून तीं नियमांत बसविण्याची सोय करावी लागली. त्या घरांतील गरिबांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांस परवडेल असें घर शहरानें दुसरीकडे कोठें दिलें होतें? परंतु या व्यवहारांत नियम पाळून शेत राखणारा भोळा ठरला आणि मोडणारा शहाणा ठरला. ज्या कायद्याच्या आज्ञेहून त्याच्या मोडीलाच अधिक फळ येतें, तो कायदा लोकांस अनीति शिकवितो.

शेतकऱ्याला न्याय देण्याचा दुसरा एक मार्ग हडपसरच्याच मगरपट्ट्यांत दिसला. तेथें सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसविलें आणि त्यांत भागीदार झालीं. जमीन फुंकून टाकून देशोधडीस लागण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. पण शेतकऱ्याला न्याय मिळाला म्हणून मातीलाहि मिळाला असें होत नाहीं. ते दोन निराळे प्रश्न आहेत, हेंहि त्यावरून ध्यानांत येतें.

दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देतां येतें काय? वॉशिंग्टन राजधानीला लागून असलेल्या माँटगोमेरी परगण्यानें १९८० सालीं तसा प्रयत्न केला. त्यानें सुमारें ९३ हजार एकर टापू शेतीसाठीं राखून ठेवला. पूर्वीं तेथें पांच एकरांमागें एक घर बांधतां येई. आतां पंचवीस एकरांमागें एक. परंतु गेलेला हक्क हिसकावून घेतला नाहीं. दर पांच एकरांमागें बांधकामाचा एक हक्क शेतकऱ्याच्या नांवें ठेवला, आणि जेथें दाट वस्ती इष्ट तेथें अधिक बांधूं पाहणारानें तो विकत घ्यावा, असें ठरविलें. शेत शेतकऱ्याजवळ राहिलें, आणि त्याच्या त्यागाची किंमत शहरांत बांधणारानें दिली.

हें साधन आम्हांस परकें नाहीं. ज्यास बाजारांत टीडीआर म्हणतात तो हस्तांतरणीय विकास हक्क मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीनेंच आणला, आणि रस्त्यासाठीं वा बागेसाठीं जमीन देणाऱ्यास तो मिळूं लागला. फुलबागेसाठीं जमीन देणाऱ्याचा हक्क जर आम्ही मानतों, तर भाजीचा मळा राखणाऱ्याचा कां मानूं नये? अर्थात् एवढ्यानें भागणार नाहीं. राखलेल्या शेताला पाणी मिळालें पाहिजे, मालाला जवळचा बाजार मिळाला पाहिजे, आणि रेघेच्या आंत गरिबाच्या घराला जागा झाली पाहिजे. हें न करतां ओढलेली रेघ एक दिवस पुसली जाईल, आणि ती पुसणाऱ्यांस दोष देण्याचा अधिकारहि आम्हांस उरणार नाहीं.

गांवानें काळी राखली, तेव्हां ती राखणारे आणि तिचें अन्न खाणारे एकाच पांढरींत राहत होते. आज राखणारा एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे आहे. म्हणून शीव राखण्याचा खर्चहि दोघांनीं वांटून घेतला पाहिजे. शेतकऱ्यानें जमीन विकूं नये असें म्हणणाऱ्या शहरवासीयानें आधीं आपला वांटा किती, हें सांगावें.