बळ कोणासाठी?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या मातोश्रींनी वयाच्या छपन्नाव्या वर्षी व्यायामशाळेत जाऊन वजने उचलण्यास आरंभ केला, तेव्हा त्या गृहस्थांस मोठी चिंता उत्पन्न झाली. 'या वयात बाईमाणसाला हे शोभते का? आणि पाठीत काही बिघडले तर?' असा दुहेरी प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांस उलट विचारले की, घरी गॅसचे सिलिंडर आले म्हणजे ते दारापासून ओट्यापर्यंत कोण नेते? ते किंचित थांबून म्हणाले, 'आईच सरकवत नेते.' भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोंचे असते. व्यायामशाळेत त्या बाईंनी पहिल्या दिवशी उचलला तो नुसता दांडा १५ किलोंचा होता. तीस किलोंनी ज्याची झोप कधी मोडली नाही, त्याची ती पंधरा किलोंनी मोडावी, या गोष्टीचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

स्त्रीने ओझे उचलू नये असे आपल्या समाजाने कधीच म्हटलेले नाही. पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, जाते, मुसळ, बांधकामावरचे घमेले, आणि या सर्वांवर कडेवरचे मूल, एवढा भार तिच्याकडे निमूटपणे सोपविताना तिच्या सौकुमार्याची आठवण कोणासही झाली नाही. मग आक्षेप कशास आहे? आमच्या मते तो ओझ्यास नाही. जे ओझे दुसऱ्या कोणाच्याच उपयोगी पडत नाही, जे ती आपल्या इच्छेने उचलते आणि आपल्या इच्छेने खाली ठेवते, त्या ओझ्यास आहे. तालमीतला दगडी नाल कोणाच्या घरी पाणी भरीत नाही. तरी पुरुषाने तो उचलला तर आपण त्यास शाबासकी देतो. स्त्रीने तेच केले की 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न ताबडतोब पुढे येतो.

यावर कोणी म्हणेल की, कष्ट करणाऱ्या बाईस निराळ्या व्यायामाची गरजच काय? आमच्या एक वृद्ध आत्याबाई होत्या. त्यांनी चाळीस वर्षे विहिरीचे पाणी भरले, आणि अखेरीस न्हाणीघरात साधा पाय घसरला तो खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळल्या. श्रमाने बळ येते हे जर खरे, तर ते त्यांच्या वाट्यास का आले नाही? उत्तर अवघड नाही. हंडा चाळीस वर्षे तोच राहिला. त्याचे वजन त्यांच्या शक्तीच्या मानाने कोणी वाढविले नाही, की त्या आजारी असताना कमी केले नाही. मधला दिवस विश्रांतीचा नव्हता, आणि पानात सर्वांत शेवटी जे उरे तोच त्यांचा आहार. व्यायामात भार मोजून घेतला जातो, क्रमाने वाढतो, त्याच्या पाठीमागे विसावा आणि अन्न असते. श्रमात यातले काहीच मिळण्याची हमी नसते.

हाडावर जसा भार पडतो तसे ते घडत जाते, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. पाळी थांबल्यावर ईस्ट्रोजेन घटते आणि स्त्रीची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. म्हणून हा सिद्धांत तिच्या विशेष कामाचा आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळी थांबलेल्या व हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांस घेण्यात आले. त्यांतील एका गटाने जाणत्यांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, चांगली जड वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. देखरेख हा शब्द मात्र वाचकांनी विसरू नये. उत्साहाच्या भरात एकट्यानेच वजनाशी झोंबी घेणाऱ्यांची आम्ही तरफदारी करीत नाही. राहिली पुरुषी दिसण्याची भीती. ती निराधार आहे, कारण पुरुषाचे स्नायू ज्या टेस्टोस्टेरोनने फुगतात ते स्त्रीच्या शरीरात फारच थोडे असते.

परंतु विरोधकांपेक्षा काही कैवाऱ्यांचीच आम्हांस अधिक धास्ती वाटते. पूर्वी ते म्हणत की स्त्री बळकट झाली म्हणजे संतती बळकट होईल. आता म्हणतात की ती सडपातळ दिसेल, किंवा म्हातारपणी मुलांवर भार होणार नाही. हेतू चांगले असतील, पण प्रत्येक वेळी तिचे बळ दुसऱ्या कोणाच्या तरी खाती जमा होते. पुरुषांची वजने ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून उचलली जात होती. स्त्रियांस तो मंच २००० साली सिडनीत मिळाला, आणि तेथेच कर्णम मल्लेश्वरी यांनी एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळविले. मणिपूरच्या मीराबाई चानू लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहत. २०२१ साली टोकियोत त्यांनी २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतले. मोळीने घरची चूल पेटली. टोकियोतला भार त्यांनी डोक्यावर तोलला आणि लगेच खाली टाकून दिला. त्याने कोणाचीही चूल पेटली नाही, आणि त्यात काही उणेही नव्हते.

येथे एक अडचण आहे, ती आम्ही लपवीत नाही. दिवसभर घमेली वाहणाऱ्या बाईस आमचे हे सारे विवेचन थट्टेसारखे वाटेल. तिला आधी हवी ती पुरती मजुरी, पोटभर जेवण आणि एक रिकामी संध्याकाळ. ते मिळाल्यावर तिने आणखी एखादे वजन उचलावे की पाय पसरून नुसते बसावे, हे ठरविण्याचा अधिकार तिचा, आमचा नव्हे.

त्या मातोश्रींस आम्ही परवा भेटलो. त्यांनी एक वही ठेवली आहे. तीत किराण्याच्या हिशेबासारख्या नीट ओळींत तारीख आणि किलो लिहिलेले असतात. आता त्या चाळीस उचलतात. सिलिंडर कोण नेते असे आम्ही सहज विचारले. त्या हसून म्हणाल्या, 'आता मुलगा नेतो. दोन वेळा त्याची पाठ धरली, तेव्हा कसे उचलायचे ते त्याला मी दाखवले.'