चार तळहात जमीन

या मननासाठी बसायला फार खास जागा लागत नाही. पारशिवनीहून नवेगाव खैरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला धानाच्या बांध्या लागतात, त्यातल्या एखाद्या बांधीचा धुरा पुरे. आषाढ सरत आला आहे आणि रोवणीची घाई चालली आहे, असं धरा. डोळे मिटू नका. आज एका अतिवेगवान गाडीचा विचार करायचा आहे, पण तो उघड्या डोळ्यांनी आणि सावकाश. मध्येच वाचायचं थांबून बांधीकडे पाहत राहिलात तरी चालेल.

समोर ट्रॅक्टर चिखलणी करतो आहे. मागच्या चाकांना लोखंडी केज व्हील लावली आहेत. इंजिनाचा आवाज सोडा, फक्त चाक पाहा. चाक जेवढं फिरतं तेवढा ट्रॅक्टर पुढे सरकत नाही. थोडं फिरणं चिखलात जिरतं. पंचेचाळीस अश्वशक्तीचं इंजिन असेल, पण चिखल जेवढं धरू देईल तेवढंच त्यातलं कामी येतं. ताकद यंत्रात असते, पण ती वापरू द्यायची की नाही हे जमीन ठरवते. यावर दोन मिनिटं थांबा. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

हा ट्रॅक्टर महिंद्राचा असण्याची शक्यता बरीच आहे, कारण नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या या उद्योगसमूहाने २०१५ च्या डिसेंबरात इटलीची पिनिनफरीना ही नामांकित डिझाइन कंपनी विकत घेण्याचा करार केला. गाड्यांची शरीरं घडवणाऱ्या बाटिस्टा फरीना यांनी ती १९३० साली सुरू केली होती. पुढे महिंद्राच्याच मालकीची एक वेगळी गाडी-कंपनी निघाली आणि तिने मार्च २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात एक विजेची गाडी मांडली. गाडीला संस्थापकाचंच नाव दिलं, बाटिस्टा. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, अशा चार मोटरी, आणि मिळून १९०० अश्वशक्ती. समोरच्यासारखे बेचाळीस ट्रॅक्टर एकत्र केले तर तेवढी ताकद होईल. एकूण १५० गाड्या बनवायचं ठरलं. पारशिवनीच्या रस्त्यावर त्यातली एकही धावणार नाही आणि त्याने आपलं काही अडत नाही. आपल्याला ती समजून घ्यायची आहे.

आता एक श्वास आत घ्या. नेहमीपेक्षा थोडा हळू, पोट भरेपर्यंत.

हा श्वास पूर्ण आत जाण्याआधीच उभी असलेली बाटिस्टा ताशी १०० किलोमीटरवर पोचते. कंपनीचा आकडा १.८६ सेकंदांचा आहे. वरून टाकलेला दगड जितक्या झपाट्याने वेग घेतो, त्याच्या दीडपट झपाट्याने ही गाडी सपाट रस्त्यावर वेग घेते. म्हणजे पृथ्वी तिला जेवढ्या जोराने खाली ओढते, त्याच्या दीडपट जोराने टायर तिला पुढे ढकलतात. टायरला हा जोर रस्त्याकडूनच मिळतो. दुसरं काही धरायला नाहीच.

उजवा तळहात मांडीवर उपडा ठेवा. गाडीचा एक टायर एका वेळी रस्त्याला साधारण एवढ्याच जागेत टेकलेला असतो. रुंद टायरचा थोडा जास्त, पण माप हेच. चार टायर, चार तळहात. दोन टनांहून जड गाडी, आतली माणसं, १९०० अश्वशक्ती, वळणावरचा बाहेरचा ओढा आणि ब्रेकचा झटका, हे सगळं या चार तळहातांएवढ्या जागेतून जमिनीत उतरतं. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक इंजिनाबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात, वर उघडणाऱ्या दारांबद्दल बोलतात. मला वाटतं, जाणकार अभियंता आधी या चार जागांपाशी येऊन बसत असेल.

वाहन येत नाही हे पाहून रस्त्याच्या कडेच्या डांबरावर तळहात टेकवा आणि हळूच पुढे सरकवा. सहज सरकतो. आता अंगाचा भार देऊन सरकवा. खडी टोचते, कातडी त्या खडबडीत खळग्यांत दबते आणि हात अडतो. रबरही असंच खडीच्या उंचसखल जागांत शिरून पकड घेतं. गार रबर कडक राहतं आणि नीट शिरत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत तापलं की मऊ होतं आणि चांगलं धरतं. त्याहून तापलं की गुण सोडतं. म्हणून शर्यतीतल्या गाड्या सुरुवातीला नागमोडी फिरून टायर तापवतात.

भार वाढला तशी पकड वाढली, हे हाताला कळलं. मग गाडी जडच करावी का? तसं केलं तर तेच वजन वळवताना आणि थांबवताना आड येतं. वजन न वाढवता भार वाढवायचा, हे काम वेगवान गाडीत हवा करते. गाडीचा तळ, पुढची किनार आणि मागचा पंख यांचा आकार असा ठेवतात की अंगावरून जाणारा वारा गाडीला खाली दाबेल. बाटिस्टाचा मागचा पंख हलता आहे. जोराचा ब्रेक लागला की तो उभा राहून वाराही अडवतो. मात्र हवा फुकट काही देत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. साडेतीनशेच्या वेगाला लागणाऱ्या ताकदीतला फार मोठा वाटा केवळ हवा बाजूला सारण्यात जातो.

तळहात मांडीवर परत घ्या. आता सगळ्यात सूक्ष्म गोष्टीकडे येऊ.

टायरची पकड एका वेळी ठरावीकच असते. तीच वेग घ्यायला वापरायची, तीच थांबायला आणि तीच वळायला. सगळी ब्रेकमध्ये खर्च झाली तर वळायला काही उरत नाही. म्हणूनच चाकं जाम झालेली गाडी स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी सरळच जाते. एबीएस ब्रेक पाळीपाळीने सोडून-धरून चाक फिरतं ठेवतो, ते थोडी पकड वळण्यासाठी शिल्लक राहावी म्हणून. बाटिस्टात चारही चाकांच्या मोटरी वेगळ्या असल्यामुळे संगणक वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जोर देतो, आतल्याला कमी, आणि गाडी वळायला मदत होते. शिवाय गाडीतली सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात मधल्या बोगद्यात आणि सीटच्या मागे, शक्य तितकी खाली बसवली आहे. भार खाली असला की वळताना गाडी एका बाजूच्या चाकांवर कमी लोटते आणि चारही तळहातांना काम राहतं. माझ्या मते या गाडीतली खरी कारागिरी इथे आहे. ताकद वाढवणं त्या मानाने सोपं. कोणत्या चाकाची पकड किती उरली आहे हे क्षणाक्षणाला ओळखून तेवढाच जोर द्यायचा, हे अवघड.

आणि थांबणं. इथे थोडा जास्त वेळ बसू.

दोन टनांची गाडी ताशी ३०० किलोमीटरने जात असेल, तर तिच्या अंगात इतकी ऊर्जा असते की तेवढ्यात २२ लिटर साधं पाणी उकळीला येईल. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत कुठेतरी ठेवायची. विजेच्या गाडीत मोटरी उलट काम करून तिच्यातला काही भाग बॅटरीत परत घालतात. जोराच्या ब्रेकमध्ये बाकीची उष्णता चकत्यांनी घ्यायची असते. लोखंडी चकत्या वारंवार अशा तापल्या की ब्रेकची धार बोथट होते, म्हणून इथे कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या असतात. सिलिकॉन कार्बाइडमध्ये कार्बनचे तंतू घातलेल्या, वजनाला हलक्या आणि लालबुंद झाल्या तरी आकार न सोडणाऱ्या. ताशी १०० वरून शून्यावर यायला बाटिस्टाला ३१ मीटर लागतात, असं कंपनी सांगते. मला १.८६ सेकंदांपेक्षा हा आकडा मोठा वाटतो. पण हे ३१ मीटर ब्रेक दाबल्यानंतरचे आहेत. रस्त्यात काही दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि पाय पॅडलवर गेला, यात एक सेकंद गेला तर गाडी त्याआधीच २८ मीटर पुढे गेलेली असते. तो सेकंद माणसाचा आहे. कुठल्याही अभियंत्याला तो अजून कमी करता आलेला नाही.

नवेगाव खैरीच्या धरणाच्या पाण्याकडे नजर वळवा. इथून पेंच नदीचं पाणी कालव्यांनी शेतांना जातं आणि नागपूरला प्यायला जातं. वर तोतलाडोहला १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. बाटिस्टा पूर्ण जोर लावते तेव्हा सुमारे १.४ मेगावॅट ताकद खर्च करते, म्हणजे अशा ११४ गाड्यांनी एकदम जोर लावला तर सगळं केंद्र त्यातच संपेल. पण तिची बॅटरी १२० किलोवॅट-तासांची आहे, तिच्यावर तो जोर जेमतेम पाच मिनिटं पुरेल. एवढी ताकद काही क्षणांपुरतीच बाळगायची असते. दिवसभर बांध्या तुडवणाऱ्या ट्रॅक्टरचं काम वेगळं आहे आणि मला ते कमी दर्जाचं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट हातात घ्यायची आहे. शेजारच्या रामटेक तालुक्यात मनसर आणि कांद्रीला मॅंगनीजच्या खाणी आहेत. मॉईल ही त्या चालवणारी सरकारी कंपनी नागपूरचीच. मॅंगनीजचा दगड काळा असतो आणि दिसतो त्याहून बराच जड लागतो. मऊ जातीचा असेल तर बोटांना काळं लागतं. पोलाद करताना त्यातलं गंधक लोखंडाशी मिळालं, तर तापलेलं पोलाद घडवतानाच तडकतं. मॅंगनीज त्या गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं. शिवाय पोलाद खोलवर कडक होण्याची सोय करतं. गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे गिअर ज्या पोलादाचे करतात त्यातल्या एका प्रसिद्ध जातीचं नावच १६एमएनसीआर५ आहे, त्यातला ‘एमएन’ म्हणजे मॅंगनीज. वरचं कातडं कडक, आतला गाभा चिवट, म्हणून दात झिजतही नाहीत आणि तुटतही नाहीत. अपघातात माणसांना वाचवणारे आजच्या मोटारींचे खांब मॅंगनीज आणि बोरॉनच्या पोलादाचे असतात. ते नऊशे अंशांच्या वर तापवून साच्यातच एकदम थंड करतात. विजेच्या अनेक गाड्यांच्या बॅटरीतही निकेल आणि कोबाल्टबरोबर मॅंगनीज असतं. मनसरचा दगड नेमका कोणत्या गाडीत जातो याचा माग काढण्याची गरज नाही. वेगवान यंत्राला ज्या धातूवाचून चालत नाही तो आपल्या पायाखाली आहे, हे मनात ठेवून उठावं, एवढंच.

उठण्यापूर्वी एकदा इंदूरजवळच्या पिथमपूरकडे मन न्या. तिथल्या नॅट्रॅक्स या चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी आहे. बाटिस्टा तिथे २०२२ मध्ये धावली. उभ्या जागेवरून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, तिने ८.५५ सेकंदांत तोडले आणि ताशी ३५० च्या पुढचा वेगही गाठला. त्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास शंभर मीटर जाते. त्या पट्टीवर बैल येत नाही, शाळेची पोरं रस्ता ओलांडत नाहीत, वळणांचा उतारही वेग धरूनच बांधलेला आहे. एवढी तयारी असल्यावरच असा वेग शोभतो. आपल्या रस्त्यांवर त्याची हौस कुणी करू नये, असं मी अगदी स्पष्ट म्हणेन.

आता पाऊस आला आहे असं समजा. डांबरावर पाण्याचा थर साचला आहे. टायरवरच्या खाचा त्या पाण्याला बाजूला वाट देतात म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खाचा झिजल्या किंवा वेग फार वाढला, की पाणी निसटायला वेळ मिळत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि पकड शून्य होते. बाटिस्टा असो की गावातली जुनी जीप, त्या क्षणी दोघींची स्थिती एकच, आणि ती समोरच्या बांधीतल्या चाकाहून वाईट, कारण चिखल निदान थोडं तरी धरतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या गाडीपाशी बसा. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. ते वरच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला आले असतील तर कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली आहे, आणि कायद्याने चालणारी किमान खोली तेवढीच आहे. टायर गोटा होण्याची वाट पाहू नका, बदलून घ्या. हवा टायर थंड असताना तपासा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरा. आमडी फाट्यावर महामार्गाला लागण्याआधी हे झालेलं असू द्या.