वार्धक्य आणि प्राणवायू

साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे पांझरेकाठचे गाव. तीच नदी पुढे धुळ्यातून वाहते, आणि श्वास कोंडलेल्या रोग्यासही मोठ्या उपचारांसाठी बहुधा धुळ्याचीच वाट धरावी लागते. २०२० व २०२१ ह्या सालांतील करोनाच्या साथीत अशा गावांतील कुटुंबांपुढे जो प्रश्न आला, तो वैद्यकाइतकाच नीतीचा होता : खाट एक आणि रोगी दोन असता वृद्धाने मागे सरावे काय?

‘सरावे’ म्हणणारा पक्ष केवळ निर्दय नव्हे. मार्च २०२० मध्ये इटलीतील अतिदक्षता-वैद्यांच्या संस्थेनेच, साधने अपुरी पडल्यास वयाची मर्यादा घालावी लागेल, असे सुचविले होते. ज्याच्या जगण्याचा संभव अधिक त्यास आधी साह्य द्यावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु संभव पाहणे निराळे आणि नुसते वय मोजणे निराळे. करोनाने वृद्धांस अधिक गाठले हे खरे. पण १९१८ च्या मानमोडीने ऐन तारुण्यातील माणसे नेली. वय हे एक गमक आहे, निवाडा नव्हे. प्राणवायू, पालथे निजविणे आणि डेक्सामेथासोनसारखे स्वस्त औषध ह्यांच्या आधाराने अनेक वृद्ध तीव्र फुप्फुसदाहातून उठले, हे विसरता कामा नये.

एप्रिल २०२१ मध्ये नागपूरच्या एका ८५ वर्षांच्या गृहस्थांनी तरुण रोग्यासाठी खाट सोडल्याची वार्ता गाजली. तिच्या तपशिलांविषयी वाद झाला. तो आम्ही बाजूस ठेवितो. आम्हांस विचारात पाडते ती तिची स्तुती. त्याग हा देणाऱ्याने आपण होऊन केला तरच त्याग. समाज त्याची अपेक्षा धरू लागला की ती वसुली होते. “आमचे आता झाले, पोरांचा पैसा घालवू नका,” असे घरोघरचे वृद्ध म्हणतात. त्यात विरक्ती किती आणि ओझे होण्याची भीती किती, हे ऐकणाऱ्याने आपल्या मनास विचारावे.

शिवाय रुग्णालयातून सुटणे म्हणजे बरे होणे नव्हे. ओट्यापर्यंत चालता धाप लागते, हातापायांतील बळ महिनोन्‌महिने येत नाही, कधी स्मृतीही चाळवते. त्या काळात कोणीतरी हात धरावा लागतो, अन्न भरवावे लागते, तेच ते बोलणे न कंटाळता ऐकावे लागते. खाटेचा निर्णय वैद्याने क्षणात करावा लागतो; हे दुसरे काम मात्र घराचे आहे, आणि तेथे साधनांच्या अपुरेपणाची सबब चालत नाही. वृद्धाचे जगणे आपण मोलाचे मानतो की नाही, ह्याची परीक्षा आमच्या मते तेथेच होते.